राहिलेले एकोणीस

कल्याणला गाडी बदलून मुरबाड,
मुरबाडहून टमटम,
आणि शेवटचा दीड किलोमीटर दुखऱ्या गुडघ्यानं.
पिशवीत पाण्याची बाटली, दोन केळी
आणि निवृत्तीच्या दिवशी खात्यात जमा न केलेला
पाऊण किलोचा हातोडा.

बायकोला सांगून निघालो, जुना दोस्त आजारी आहे.
तसं खोटं नव्हतं.

आधी दिसतो तो नवा पूल, रुंद, पांढुरका,
कठड्यावर उमेदवारांचे हसरे चेहरे.
त्याच्या पलीकडे, चार फूट खाली,
काळू नदीवर वाकून न वाकल्यासारखा
हा.
रंग सुकटीचा. भाजलेल्या.
दोन्ही तोंडांशी रूळ रोवलेत, गाडी जाऊ नये म्हणून.
शेळी जाते. सायकल तिरकी करून जाते.
मी जातो, पोट आत ओढून.

तेव्हा माझ्या हातात वही होती,
मागे खडू घेऊन ताराचंद खलाशी.
रिवेट एकेक ठोकून बघायचा,
बाजारात मडकं वाजवून घेतात तसा.
पक्क्याचा आवाज पुढे जातो, दांड्यादांड्यातून, पार काठापर्यंत.
सुटलेल्याचा जागच्या जागी बसतो,
चारचौघांत दाबलेल्या खोकल्यासारखा.
नऊशे बारा झाले
आणि जीप हॉर्न देऊ लागली.
साहेबांचं जेवण मुरबाडला थांबलेलं.
ताराचंद म्हणाला, एकोणीस राहिले, भाऊ.
मी लिहिलं: नऊशे एकतीस. तपासले. ठीक.
'ठीक'खाली रेघ ओढली.
ती सहीपेक्षा ठळक आली.

त्यानंतर सोळा पावसाळे
पेपर आला की मी जिल्ह्याचं पान आधी उघडायचो.
काहीच झालं नाही.
एसटी गेली, विटांचे ट्रक गेले, वऱ्हाडं गेली वाजत.
ताराचंद गेला.
वही कुठल्या कपाटात गेली देव जाणे.
पूल पडला नाही, आणि
पूल पडला नाही म्हणून मी खरा ठरलो असंही नाही.

आता पत्र्यावर मोह वाळत घातलाय.
चपलेला चिकटतो, वास जरा डोक्यात चढतो.
"सिमिटावर दोन दिस लागतात," सोमी वारघडे सांगते,
"ह्यो तापतो. एका दिसात काम."
तिच्या सुपाच्या फटकाऱ्यानं एक शेळी मागे सरते,
दुसरी नाही.

मला हवी ती जागा तिसऱ्या खणात, उताराच्या अंगाला.
तिथे झोळी.
विटक्या लुगड्याची, दोन तिरप्या दांड्यांना बांधलेली,
खाली फटीतून नदी, उन्हाळ्यातली, दगड मोजता येतील इतकी.
मी हातोडा काढला.
"नको वाजवू बाबा. आताच निजलीय."

तिरप्याला ताण, वरच्याला दाब.
चाळीस वर्षांपूर्वी पाठ केलेलं ओठांवर आलं.
पोर सहा किलो. लुगडं अर्धा.
झोक्याचे वेगळे धरायचे.
आठ टनांच्या हिशेबात हे कुठल्या रकान्यात लिहितात
ते आम्हाला शिकवलं नव्हतं.

मग बोटांनीच मोजले.
गरम, गोल, रंगाचे पापुद्रे निघालेली डोकी.
सतरा.
पुन्हा मोजले. सतरा.
सोमी बघत होती. "काय हरवलं?"
"दोन."
तिनं झोळीच्या गाठीकडे बोट केलं.
"त्याच्याखाली असतील."

हातोडा विकायचाय का, तिनं विचारलं.
खात्याचा आहे, म्हणालो. का म्हणालो कोण जाणे.
ती हसली नाही. सूप घेऊन पलीकडच्या ढिगाकडे गेली.

मी बसलो, पाठ उभ्या दांड्याला टेकून.
केळी खाल्ली. एक साल शेळीनं नेली.
तीनची टमटम पलीकडून जाताना दिसली,
मग चारची.
पोर काही उठेना.
लुगड्याची गाठ लोखंडावर घासत होती,
कुर्र, थांबायची, कुर्र.
मी कान लावला.
पुढे जात होता आवाज.
सतरांचा.
दोघांचं ती उठल्यावर.